गंजाच्या बुडाशी

9 नोव्हेंबर 2025, भंडारा

सकाळी दारावरून कल्हईवाल्याची हाक आली. पूर्वी तो वर्षातून दोनदा ठरल्यासारखा यायचा, आता त्याचा नेम राहिला नाही. म्हणून तपासायला घेतलेले पेपर तसेच टाकून आईचा पितळी गंज बाहेर काढला. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. लोखंडाला चढतो तो गंज वेगळा. पितळी भांड्यांचं शहर ही भंडाऱ्याची जुनी ओळख. आता आमच्याही घरात स्टीलच जास्त आहे, पण आईचा भात अजून याच गंजात शिजतो.

त्याने अंगणात भट्टी पेटवली, गंज लालसर होईल की काय असं वाटेपर्यंत तापवला, नवसागराची चिमूट टाकली, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला. काळवंडलेल्या बुडावरून पांढरी चकाकी सरसर पसरत गेली. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून ही कथलाची साय.

आई ओसरीवरून म्हणाली, "रिकामा गंज इस्तवावर ठेवू नोको बाई, कल्हई सुटते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. आज पहिल्यांदा त्याची दुसरी बाजू मनात आली: भात शिजताना का सुटत नाही? कथील 232 अंशांना वितळतं. गॅसची ज्योत हजार अंशांच्या पुढची. मध्ये पितळेचा एक पातळ पत्रा. तरीही आत आधण आहे तोवर कल्हई जागची हलत नाही, कारण बूड शंभराच्या वर जेमतेम काही अंश चढतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला 2257 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती सगळी पाणी बुडापासून उचलून नेतं. पण उचलायची तर पाणी बुडाला टेकलेलं हवं. सगळं या टेकण्यावर आहे.

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी उत्कलनांक सांगते, अप्रकट उष्मा सांगते, आलेख काढून घेते. भांड्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. पाणी उकळतं ते जणू कुठेच ठेवलेलं नसतं. ही उणीव भरून काढायची म्हणून आजपासून ही टिपणं.

10 नोव्हेंबर

रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून, हातात टॉर्च घेऊन दोन लिटर पाण्याचं आधण बघत बसले. आई म्हणाली, "पानी उकरताना काय पाहाचं?" मग तीही स्टूल घेऊन बसली.

आधी बुडाला आणि काठाला बारीक मण्यांसारखे बुडबुडे लागले. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा. पुढे आवाज सुरू झाला. आई त्याला "पानी बोलाले लागलं" म्हणते. बुडाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरून मिटतात, त्यांच्या मिटण्याचा तो आवाज. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता वर पोचतात आणि बोलणं मंदावतं. आई न बघता, नुसत्या आवाजावरून, तांदूळ वैरायची वेळ ओळखते. महाविद्यालयातून आणलेल्या तापमापकात तेव्हा 99 होते. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच आहे, त्यामुळे शंभर पुरे भरत नाहीत.

पण बघण्याजोगी गोष्ट निराळीच होती. बुडबुडे कुठूनही निघत नव्हते. ठरावीक सात-आठ जागा होत्या आणि प्रत्येक जागेतून एकामागून एक माळ सुटत होती. पहिली माळ सुटली ती काठाजवळच्या एका ओरखड्यातून. कालच्या कल्हईवर आज दुपारीच सराटा (उलथनं) घासला गेला होता, तोच हा ओरखडा.

कारण असं. पाण्याच्या पोटात वाफेचा कण नव्याने जन्मणं फार अवघड, कारण छोट्या बुडबुड्याला पृष्ठताण चिरडून टाकतो. पण धातूच्या फटीत आधीच थोडी हवा किंवा वाफ अडकलेली असेल तर तिला फक्त फुगायचं असतं. फट जितकी बारीक, तितकी जास्त धग लागते. वहीत हिशोब मांडला: फटीचं तोंड एक मायक्रॉन त्रिज्येचं असेल तर बूड उत्कलनांकाच्या वर सुमारे 33 अंश तापायला हवं, पाच मायक्रॉनचं असेल तर साडेसहा अंश पुरतात. बुडबुडा सुटून गेला तरी थोडी वाफ फटीत मागे राहते आणि तिच्यावर पुढचा बुडबुडा धरतो. दही संपवताना आपण चमचाभर विरजण मागे ठेवतो, तसंच हे.

12 नोव्हेंबर

मग प्रश्न येतो की पाणी फटीत शिरून ती हवा बाहेर का काढत नाही. इथे पाण्याचा आणि पृष्ठभागाचा आपसातला लळा मोजावा लागतो.

परसातून धोप्याचं पान तोडून आणलं. धोपा म्हणजे इतर महाराष्ट्राचा अळू. अळवावरचं पाणी आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो, पण ते पाणी नाहीसं होत नाही, नुसतं पानाला धरत नाही. थेंब मोत्यासारखा गोल राहून घरंगळतो. थेंबाच्या कडेला पाण्याच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. ही कल्पना थॉमस यंगने 1805 मध्ये मांडली. थेंब पसरला तर कोन लहान, गोळा झाला तर मोठा. धोप्यावर तो नव्वदच्या कितीतरी पुढे जातो.

आता पाणी भरायची पितळी गुंडी. तिला कल्हई नसते. चिंच आणि राख लावून घासली, धुतली, थेंब टाकला: पापडासारखा पसरला. परवा घासून फडताळात ठेवलेल्या दुसऱ्या गुंडीवर टाकला: टपोरा उभा राहिला. धातू तोच, घासणारे हात तेच. फरक दोन दिवसांच्या हवेचा. स्वयंपाकघरातल्या वाफा, तेलाचा अंश, हवेतली सेंद्रिय द्रव्यं यांचा डोळ्यांना न दिसणारा थर धातूवर बसतो आणि पाण्याशी त्याचं नातं बदलतं. म्हणून "पितळेचा स्पर्शकोन किती" या प्रश्नाला एक उत्तर नाही. भांडं कधी घासलं, तेही विचारावं लागतं.

फटीचं उत्तर यातच आहे. जिथे पाणी धरतं तिथे ते फटीत तळापर्यंत शिरतं आणि हवेला जागाच ठेवत नाही. जिथे धरत नाही तिथे ते फटीच्या तोंडावरून पुढे सरकतं, हवा आत कोंडलेली राहते. म्हणजे पाण्याला थोडं दूर ठेवणाऱ्या बुडावर उकळी लवकर फुटते.

15 नोव्हेंबर

आज एका शेगडीवर ताजी घासलेली गुंडी, दुसरीवर न चिकटणारा काळा तवा, दोन्हींत थोडं पाणी. दोन्हीकडे जाळ सारखा.

काळ्या तव्यावर बुडबुडे आधी आले, आई म्हणाली तसे "घाईघाईनं". पण आले आणि बसले. एकेक तुरीच्या दाण्याएवढा होईपर्यंत बुडाला चिकटून राही, शेजारच्याला मिळे, पसरट होई आणि मग नाइलाजाने सुटे. गुंडीत उकळी मागाहून फुटली, पण बुडबुडे मोहरीएवढे, चटचट सुटणारे. त्यांच्या मागोमाग पाणी लगेच त्या जागी परतायचं.

1935 मध्ये फ्रिट्झ या जर्मन संशोधकाने हेच सूत्रात बांधलं: सुटताना बुडबुड्याचा व्यास स्पर्शकोनाच्या प्रमाणात असतो. पाण्यासाठी आकडे घातले तर 20 अंशांच्या कोनाला सुमारे एक मिलिमीटर आणि 80 अंशांना चार मिलिमीटरच्या थोडं पुढे. मोहरी आणि तूर! कागदावरचं उत्तर चुलीवरच्या धान्यांशी जुळलं तेव्हा मी आईला हाक मारून आकडे दाखवले. तिने चष्मा लावून ते वाचले आणि विचारलं, "मंग चांगला कोनता?"

या प्रश्नावर रात्री उशिरापर्यंत विचार केला.

16 नोव्हेंबर

घड्याळ लावलं. दोन लिटर पाणी, 27 अंशांपासून उकळीपर्यंत, मधल्या शेगडीवर, वीस सेंटिमीटर बुडाच्या तीन भांड्यांत: कल्हईचा गंज, स्टीलचा गंज, काळं न चिकटणारं पातेलं. तिन्हीत बारा मिनिटांच्या आसपास. दहा-वीस सेकंदांचा फरक पडला, तोही दर वेळी उलटसुलट.

आधी मन खट्टू झालं, मग हिशोब केला. बारा मिनिटांत पाण्यात गेलेली उष्णता सुमारे 600 किलोज्यूल, म्हणजे बुडाच्या चौरस मीटरमागे 27 किलोवॅटच्या आसपास. वॉरन रोसेनाऊ यांनी 1952 मध्ये उकळण्याचं जे सूत्र दिलं, त्यात द्रव आणि पृष्ठभाग यांच्या जोडीचा एक अंक असतो. पाणी-पितळ या जोडीचा 0.006, पाणी-तांबे या जोडीचा 0.013. भंडाऱ्याचं पितळ या अंकांच्या कोष्टकात बघून बरं वाटलं. (माझ्या गंजात पाण्याला पितळ लागतच नाही, कथील लागतं, हा अंक गुंडीला लागू.) एवढ्या उष्णतेसाठी सूत्राप्रमाणे पितळ सुमारे तीन अंश जास्त तापेल, तांबं सहा. ज्योत आणि बूड यांच्यात हजारभर अंशांचा फरक असताना हे तीन अंश कुठे मोजायचे? अडचण ज्योतीकडून धातूकडे येण्यात आहे, धातूकडून पाण्याकडे जाण्यात नाही.

तेव्हा जाहिरातीत कुणी सांगितलं की अमक्या आतल्या लेपाने भात लवकर शिजतो, तर त्यावर विश्वास ठेवू नये. घरच्या आधणात बुडाचा स्वभाव डोळ्यांना दिसतो, घड्याळाला दिसत नाही. तो घड्याळाला आणि जिवाला जाणवतो, ते जाळ याच्या तीसपट-चाळीसपट होतो तेव्हा.

19 नोव्हेंबर

भाकरीचा तवा तापला का हे बघायला आई पाण्याचा शिंतोडा मारते. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्र करून एका क्षणात नाहीसा होतो. खूप तापला असेल तर तोच थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत राहतो. आज मोजलं: पहिला सेकंदभरात गेला, दुसरा जवळजवळ पाऊण मिनिट टिकला. जास्त तापलेल्या तव्यावर पाणी जास्त वेळ टिकलं!

योहान लाइडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 मध्ये लालबुंद लोखंडी चमच्यात हेच बघून लिहून ठेवलं. थेंबाच्या खाली वाफेची गादी तयार होते, पाणी धातूला टेकतच नाही, आणि वाफ उष्णता फार हळू पोचवते. 1934 मध्ये जपानमधल्या सेंदाई इथे शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेल्या धातूच्या तारेतून वीज सोडून हा सगळा प्रवास मोजला. उष्णता वाढवत नेली की बुडबुडे वाढतात, पाणी ती सहज उचलतं. मग एका हद्दीनंतर बुडबुडे एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचं कवच होतं आणि तारेचं तापमान एकदम शेकडो अंशांनी उसळतं. निक्रोमची तार वितळून जायची, म्हणून त्यांना प्लॅटिनम घ्यावं लागलं.

ही हद्द हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे. हद्दीच्या अलीकडे पाणी धातूला सांभाळतं. पलीकडे गेलं की धातू पाण्यात बुडालेला असूनही कोरडा असतो.

20 नोव्हेंबर

लोहाराकडे विळ्याला पाणी पाजायला गेले होते. लालभडक पातं पाण्यात गेलं की आधी नुसतं घुमतं, मग एकदम खळखळाट होतो. वाफेचं कवच फुटून पाणी लोखंडाला लागलं तो हा क्षण. लोहार पाण्यात मीठ टाकतो. का, विचारलं तर म्हणाला, "मिठानं पानी लवकर धरते, ताई." बरोबर आहे, मिठाच्या पाण्यात ते कवच लवकर मोडतं.

उलटा प्रकारही आहे. 2012 मध्ये नेचरमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोलादी गोळ्यांना धोप्याच्या पानासारखा, पाण्याला अजिबात न धरणारा लेप दिला, तापवलं आणि पाण्यात सोडलं. गोळे गार होईपर्यंत कवच फुटलंच नाही, खळखळाट झालाच नाही.

22 नोव्हेंबर

आईच्या प्रश्नाचं उत्तर एका मराठी नावाने मिळालं. डॉ. सतीश कांडलीकर: अभियांत्रिकीची पदवी मराठवाडा विद्यापीठाची, डॉक्टरेट आयआयटी मुंबईची, 1980 पासून अमेरिकेत रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन आणि संशोधन.

नुकियामांच्या हद्दीचं सूत्र 1950 च्या दशकात झूबर यांनी दिलं होतं. त्यात पाणी होतं, वाफ होती, गुरुत्व होतं, पण पृष्ठभाग नव्हता. कुठल्याही सपाट बुडाला उत्तर एकच: पाण्यासाठी चौरस मीटरला सुमारे 1100 किलोवॅट. कांडलीकर यांनी 2001 मध्ये त्यात स्पर्शकोन आणला. त्यांनी एका बुडबुड्याच्या पायाशी जाऊन बघितलं. बुडबुड्याच्या कडेला पाण्याची वाफ होताना ती वाफ जोराने सुटते आणि उलट धक्का देते. तो धक्का बुडबुड्याचा पाय बाहेर पसरवू बघतो. पृष्ठताण आणि पाण्याचा दाब त्याला आवरून धरतात. धक्का जिंकला की बुडबुडा बुडावर आडवा पसरतो, शेजाऱ्याला मिळतो आणि कवच तयार होतं. पाणी पृष्ठभागाला जितकं घट्ट धरणारं, तितकी आवरण्याची ताकद जास्त.

त्यांच्या सूत्रात मी आकडे घातले. कोन 20 अंश: सुमारे 1500 किलोवॅट. 90 अंश: 630. 110 अंश, म्हणजे आमच्या काळ्या तव्याच्या जवळपास: 370. तेच पाणी, तोच दाब, आणि सहन करण्याची ताकद चौपटीने कमी.

मग चांगला कोणता? सुरुवात करून द्यायला पाण्याला थोडं दूर ठेवणारा, भार सोसायला पाण्याला धरणारा. एकाच बुडात दोन्ही हवं म्हणून गेल्या पंधरा वर्षांत पाण्याला धरणाऱ्या पृष्ठभागावर न धरणारे बारीक ठिपके पेरून प्रयोग झाले आहेत: ठिपक्यांवर बुडबुडे जन्मतात, भोवतालची ओली जमीन त्यांना पसरू देत नाही. कल्पना मला फार पटली. पण ठिपके झिजतात, लेप उतरतात. वर्षानुवर्षं उकळीत टिकेल असा लेप बनवणं हीच या कामातली खरी परीक्षा आहे, असं माझं मत.

26 नोव्हेंबर

धानाची कापणी उरकली, राइस मिल दिवसरात्र चालू आहेत. माझा एक जुना विद्यार्थी एका मिलमध्ये बॉयलर अटेंडंट आहे. त्याची रीतसर परीक्षा दिलेली आहे. उसन्या तांदळासाठी धान गरम पाण्यात भिजवायचं, त्याला वाफ द्यायची, वाळवायचं, मग भरडायचं. वाफ लागते ती धानाच्याच तुसावर चालणाऱ्या बॉयलरमधून. नळ्यांच्या आत जाळ, बाहेर पाणी.

"मॅडम, बाकी सगळं नंतर, आधी ही काच," म्हणत त्याने पाण्याची पातळी दाखवणारी उभी काच दाखवली. पाणी खाली गेलं आणि नळी उघडी पडली तर ती काही वेळातच तापून नरम होते आणि बाहेरून पडणाऱ्या दाबाला टिकत नाही. पाणी वेळेवर घेणं, क्षाराची खपली बसू न देणं, दोन्हींचा अर्थ एकच. खपली पोलादापेक्षा कितीतरी पट उष्णतारोधक. पाणी तिच्यावर टेकलेलं दिसतं, पण नळीला ते लागतच नाही. त्याला मी चार दिवसांपूर्वी काढलेले आकडे दाखवले. त्याने 370 वर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे पाण्यात तेल गेलं तर?" मी नुसती मान हलवली. नळ्यांवर तेलाचा थर बसणं बॉयलरवाले का टाळतात हे त्याला कामातून माहीत होतं, कारण आज कळलं.

आपल्याच राज्यात तारापूरला 1969 पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्याच आहेत. इंधनाच्या बारीक नळ्यांवर पाणी उकळतं, त्याची वाफ टर्बाइन फिरवते. अशा भट्टीची आखणी करताना नुकियामांची ती हद्द किती दूर आहे हे आधी बघावं लागतं. आईचा गंज, मिलची नळी, तारापूरची नळी: तिन्हीकडे विचारायचं ते एकच, पाणी धातूला टेकलं आहे ना.

30 नोव्हेंबर

उद्या बारावीच्या वर्गात धोप्याचं पान, घासलेली गुंडी, न घासलेली गुंडी आणि तवा घेऊन जाणार आहे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की उत्कलनांक सांगायच्या आधी एकदा मुलांना भांड्यात वाकून बघू द्या. पंधरा मिनिटं लागतात, खर्च काहीच नाही.

संध्याकाळी आईने भाताचं आधण ठेवलं. तीन आठवड्यांत कल्हई कुठे सुटलेली नाही. पहिली माळ आजही काठाजवळच्या त्याच ओरखड्यातून निघाली.